पलीकडची ओ

आमच्या घरात एक नियम आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची नाही. काही हवं असलं तर उठायचं, चालत जायचं, माणसाचं तोंड बघायचं आणि मग बोलायचं. पोरं कंटाळतात. बायको म्हणते, लोक हसतात आपल्याला. हसू देत. तुम्ही बसा जरा, लाइट काही इतक्यात येत नाही. दिवा इकडे सरकवतो आणि हा नियम आमच्याकडे कसा आला ते सांगतो.

माझा धंदा साफसफाईचा. म्हणजे झाडू-फडक्याचा नव्हे. कारखान्यांत हीट एक्स्चेंजर म्हणून एक यंत्र असतं, ते आम्ही साफ करायचो. दिसायला आडवी टाकी, मालट्रकएवढी लांब. आत शेकडो नळ्या, जुडी बांधून ठेवल्यासारख्या. नळ्यांतून गार पाणी जातं, नळ्यांच्या बाहेरून गरम माल फिरतो आणि माल निवतो. इतकं साधं. पण पाणी जड असलं की चहाच्या किटलीत बसतो तसा थर नळ्यांच्या आत बसत जातो, आणि एक दिवस सगळं घोडं अडतं. मग माल निवत नाही, कारखाना थांबतो आणि सगळे आमच्या नावानं खडे फोडायला मोकळे.

एका वर्षी गोंदाच्या एका कारखान्याचं काम आलं. रोजच्यासारखंच काम. सकाळी डबा घेतला, पंप गाडीला जोडला आणि भाऊजींना त्यांच्या दारातून उचललं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. त्यांचा छापखाना बंद पडला, ताईनं माझ्याकडे शब्द टाकला आणि ते माझ्याबरोबर कामाला यायला लागले. वयानं मोठे, मानानं मोठे, कामाला मात्र माझ्या हाताखाली. ही व्यवस्था किती अवघड असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. दुसऱ्या कुणाला 'अरे गाढवा' म्हणता येतं. भाऊजींच्या बाबतीत 'जरा बघता का' याच्यापुढे जीभ रेटत नाही. पण माणूस सरळ. बोलणं कमी, काम चोख.

एक्स्चेंजर वरच्या मजल्यावर होता आणि त्याची जागा बघूनच माझं डोकं फिरलं. कुणा शहाण्यानं मागाहून इमारत वाढवताना टाकीच्या बरोबर मध्यावर भिंत घातली होती. टाकीचं एक तोंड या खोलीत, दुसरं पलीकडच्या खोलीत. इकडून तिकडे जायचं तर लोखंडी जिना उतरा, अख्ख्या आवाराला वळसा घाला आणि मागचा जिना चढा. मोबाइल फाटकावरच ठेवून घेत, कारण आत भडकणारे द्रव. तेव्हा पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर एकच वाट, खुद्द त्या नळ्या. नळीशी तोंड नेऊन बोललं की पलीकडे अगदी कानात बोलल्यासारखं स्वच्छ ऐकू जायचं.

खोलीत वारा नव्हता. ओल्या पुठ्ठ्यासारखा, थोडा आंबट असा वास सगळीकडे भरलेला. झाकण उघडलं आणि नळ्यांची तोंडं दिसली. ओळीनं काळी भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आत बोट घातलं तर करड्या रंगाचा थर, गुळगुळीत आणि, उगाच सांगत नाही, किंचित कोमट. यंत्र बंद होऊन कितीतरी वेळ झाला होता. मी म्हटलं, असेल उन्हानं. त्या खोलीला खिडकी नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

काम असं चालायचं. मी या तोंडाशी उभा राहून जेटचा लवचीक पाइप एकेका नळीत सरकवायचो. पायाखालचं पॅडल दाबलं की पंप गर्जायचा, पाण्याचा फटका आतला थर सोलत जायचा आणि गढूळ पाणी उतारानं पलीकडे पडायचं. पलीकडे भाऊजी, पत्र्याच्या आडोशाला उभे. पाणी नितळ पडायला लागलं की ती नळी साफ. मला इकडून काही दिसायचं नाही. मी अंदाजानं पॅडल सोडायचो, गर्जना खाली बसायची, नुसतं ठिबकणं उरायचं. मग मी नळीत तोंड घालून विचारायचो, "झाली?"

पलीकडून भाऊजी म्हणायचे, "झाली. पुढची घे."

दिवसभर हेच. झाली? झाली, पुढची घे. संध्याकाळी कारखान्याच्या इंजिनिअर मॅडम तपासायला आल्या. तरुण बाई, हुशार, स्वभावानं रोखठोक. त्यांनी टॉर्च लावून एकेका नळीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आज केलंत काय?"

मी वाकून बघितलं. साफ झालेली नळी आतून आरशासारखी चमकते. इथे करडं कडं तसंच. चार-दोन नळ्या चमकत होत्या, बाकीच्यांना नुसती अंघोळ घातली होती.

"पाणी नितळ पडत होतं," मी म्हणालो.

"मग थर कुठून आला? पाहुणा म्हणून आलाय का?" मॅडम म्हणाल्या. "उद्या परत करा. वरून माझ्यावर दट्ट्या आहे."

गाडीत मी भाऊजींना शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, "भाऊजी, पाणी अगदी नितळ होईपर्यंत थांबत होतात ना?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काय सांगणार?" मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. प्रत्येक नळीला जास्त वेळ दिला. झाली? झाली, पुढची घे. संध्याकाळी तेच करडं कडं. तिसऱ्या दिवशी मी जेट बाजूला ठेवला आणि जुन्या पद्धतीनं लांब सळईला तारेचा ब्रश लावून एकेक नळी घासून काढली. हाताची कातडी सोलली. दर नळीनंतर विचारलं आणि दर नळीला तेच उत्तर आलं. संध्याकाळी मॅडमनी टॉर्च लावला, काही न बोलता विझवला आणि जिना उतरून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग आम्ल फिरवलं. पातळ आम्ल नळ्यांतून फिरवत ठेवायचं, ते थर खातं. थर खाऊन झाला की आम्लाची ताकद कमी व्हायची थांबते आणि तेव्हा लगेच बंद करायचं, नाहीतर ते धातूच खायला लागतं. पलीकडच्या तोंडाशी भाऊजी आम्ल तपासत होते. नळ्या आता आम्लानं भरलेल्या, म्हणून भिंतीत टाकीभोवती जी बारीक फट होती तिच्यातून त्यांचा आवाज आला, "बास. बंद कर." माझ्या हिशेबानं फार लवकर होतं. मी ओरडून विचारलं, "नक्की?" जरा वेळानं उत्तर आलं, "झालं. बंद कर." केलं बंद. उघडून बघतो तर थर जागच्या जागी, वर नुसती पांढरी पूड धरलेली.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. मी तो अख्खा वळसा घालून, दोन्ही जिने धाडधाड वाजवत पलीकडे गेलो. भाऊजी आडोशामागे पेटीवर बसले होते. तोंड आंबट.

"बंद करा का म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चोरलंय. "मला तुझ्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुझं काम, तू जाण."

"असं कोड्यात काय बोलता?"

"कोडी तू घालतोस. मी साधा माणूस आहे."

मी आणखी बोललो असतो तर तोंडातून वाटेल ते निघालं असतं, म्हणून तसाच परत फिरलो. त्या संध्याकाळी ताईचा फोन.

"तू त्यांना काय बोललास रे?"

"मी? मी दिवसभर एकच शब्द बोलतो त्यांच्याशी. झाली का म्हणून विचारतो."

"ते जेवले नाहीत. म्हणतात, तुझा भाऊ काम नुसतं उरकतोय आणि दोष मात्र माझ्या पदरात घालणार."

"उरकतोय? मी उरकतोय? हात बघा म्हणावं माझे!" मी इतका ओरडलो की बायको आतून बाहेर आली. "ताई, तुझे मिस्टर तिथे बसून डुलक्या काढतात. पाणी गढूळ पडतंय तरी झाली म्हणतात."

ताई हळूच म्हणाली, "ते खोटं बोलत नाहीत, तुला माहीत आहे." आणि फोन ठेवला. मला माहीत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

सकाळी फाटकाशी उतरताना मी म्हणालो, "आज तरी डोळे उघडे ठेवा." एवढंच. पण ज्या सुरात म्हणालो, तो सूर घरच्या मोठ्या माणसाशी बोलायचा नव्हता. भाऊजींनी हातातले हातमोजे नीट घडी घालून खिशात ठेवले आणि मागच्या जिन्याच्या दिशेनं चालू लागले.

मी जेट लावला. पॅडल दाबलं, सोडलं. "झाली?"

"झाली. पुढची घे."

दुसरी. "झाली?"

"झाली. पुढची घे."

रागाच्या भरात माझा हात चांगला चालला होता. सकाळ अशीच गेली. दुपार कलत असताना मागे कुणीतरी खाकरलं. बघतो तर फाटकावरचा वॉचमन, जिना चढून धापा टाकत उभा.

"तुमच्या ताईंचा फोन होता," तो म्हणाला. "तुमचे भाऊजी घरी पोचले. सकाळीच पोचले म्हणे. झोपलेत. तुम्ही चिडू नका म्हणून सांगायला सांगितलं."

"कोण पोचले?"

"भाऊजी तुमचे. सकाळी तुमच्या मागोमाग फाटकातून बाहेर पडले की. माझ्यासमोरच गेले. मला वाटलं तुम्हीच पाठवलं." आणि आपलं काम झालं अशा थाटात तो जिना उतरून गेला.

पंप बंद होता. नळ्यांतून पाणी ठिबकत होतं. मी जेटचा पाइप हातात धरून उभा राहिलो. माझ्यासमोर ती सगळी काळी भोकं. आंबट वास एकदम दाट झाल्यासारखा वाटला. मी वाकलो. तोंड नळीशी नेलं तेव्हा जाणवलं, नळीतून येणारी हवा कोमट आहे... आणि ती थांबून थांबून येतेय.

"भाऊजी?"

"हं."

आवाज भाऊजींचाच. तोच थोडा नाकात बोलण्याचा ढंग.

"कुठे आहात?"

नळीतून कोमट हवा गालाला लागली. मग, "इथेच."

"ताईचं... ताईचं नाव काय, भाऊजी?"

ठिबक. ठिबक. हवा यायची थांबली. मग अगदी हळू, समजूत घालावी तसा आवाज आला, "झाली. पुढची घे ना."

मी पळालो नाही. पळायला हवं होतं, पण खरं सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा संताप जास्त होता. इतक्या दिवसांचे हात सोललेले, घरात भांडण लावलेलं, आणि हे कोण आहे ते बघितल्याशिवाय जायचं नाही असं वाटलं. कुणीतरी कारखान्यातलाच टवाळ असेल, त्याला धरून बदडायचा. मी जिना उतरलो, आवारातून वळसा घातला. ऊन कडकडीत होतं. माणसं पिंपं ढकलत होती, कुणीतरी कशावर तरी हसत होतं. मागचा जिना चढलो. दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. पत्र्याचा आडोसा, त्यामागची रिकामी पेटी. नळ्यांतून अजून पाणी पडत होतं, आणि ते गढूळ होतं. सकाळपासून मी ज्यांना 'झाली' म्हणून सोडलं त्या सगळ्या नळ्या करड्या पाण्याची लाळ गाळत होत्या. लपायला जागा नव्हती. दुसरं दार नव्हतं.

मी परत फिरणार तेवढ्यात नळ्यांतून आवाज आला. माझ्या खोलीकडून, जिथे आत्ता कुणीच नव्हतं.

"असू दे गढूळ," तो म्हणाला. "कोण बघतंय? तुम्ही बसा निवांत."

आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की आधी ओळखू येत नाही. मला दोन श्वास लागले. मग मात्र मी पळालो.

ताईच्या घरी गेलो तेव्हा भाऊजी उठून बसले होते. मी चपला न काढताच त्यांच्यापुढे बसलो आणि विचारलं, "माझ्याकडून तुम्हाला काय काय ऐकू आलं? सगळं सांगा."

भाऊजींनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता तू मला विचारणार? मी दर नळीला ओरडत होतो, अजून गढूळ आहे, थांब. आणि तू म्हणायचास, असू दे, कोण बघतंय. त्या आम्लाच्या वेळी मी सांगितलं, ताकद अजून घटतेय, चालू ठेव. तू म्हणालास, भाऊजी, तुम्हाला काय कळतं." त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. "मला ते लागलं. काम येत नाही असं म्हण, मी ऐकून घेईन. पण तू हसलास."

"मी असलं काही बोललो नाही. तुमचं 'गढूळ आहे' मला एकदाही ऐकू आलं नाही."

ताई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मी दुपारचं सगळं सांगितलं. ताईनं उठून सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. बाहेर अजून उजेड होता.

तुम्ही म्हणाल, काम सोडून द्यायचं. मीही तेच म्हणालो. पण भाऊजी अडून बसले. "आपण केलेलं काम वाईट आहे. ते तसं टाकून यायचं नाही." सकाळी आम्ही दोघं मिळून मॅडमकडे गेलो. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्याही. मग म्हणाल्या, "चला, मीच विचारते," आणि थेट जाऊन नळीशी वाकल्या.

"कोण आहे?" त्यांनी दरडावून विचारलं आणि कान लावला.

त्या तशाच वाकून राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच होतं, मग ते नुसतं चिकटवल्यासारखं उरलं, मग गळून पडलं. ओठ हलले, काहीतरी पुटपुटल्या. पुन्हा कान लावला. शेवटी भाऊजींनी पुढे होऊन त्यांच्या दंडाला धरून मागे ओढलं.

"माझी आई बोलली," त्या म्हणाल्या. "आई घरी आहे. मी आत्ता तिला सोडून आले."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दमलीस का गं... म्हणाली." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एकदम इंजिनिअर झाल्या. "भिंत फोडा. नळ्यांचा सगळा जुडगा टाकीतून बाहेर ओढा. आवारात, उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर धुवायचा."

तसंच केलं. भिंत फोडली, क्रेन आणली, नळ्यांचा तो अजस्र जुडगा कुरकुरत टाकीबाहेर निघाला. नळ्या एकमेकींना इतक्या खेटून की मांजराचं पिल्लूही मध्ये शिरलं नसतं. टाकी आतून रिकामी. मी टॉर्च घेऊन आत शिरून बघितली, गंज आणि गोंदाचे ओघळ, बाकी काही नाही. जुडगा उन्हात ठेवला. एका टोकाला मी, दुसऱ्याला भाऊजी, दोघं एकमेकांना दिसत होतो. बोलायचं नाही असं ठरलं होतं, नुसती हाताची खूण. त्यांनी हात वर केला की नळी झाली.

थर निघाला. कसा निघाला म्हणता, साप कात टाकतो तसा. लांबच्या लांब पोकळ सालपटं नळ्यांतून सरकत बाहेर यायची, फरशीवर पडून फुटायची आणि फुटताना बारीक उसासा टाकल्यासारखा आवाज व्हायचा. भाऊजींनी कानात कापसाचे बोळे घातले. मीही घातले. सूर्य मावळायच्या आत सगळ्या नळ्या आरशासारख्या लखलखत होत्या. मॅडमनी एकेक नळी बघितली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाल्या, "छान." मला वाटलं, सुटलो.

जुडगा परत टाकीत गेला. भिंत पुन्हा बांधली, कारण गोंदाची वाफ दुसऱ्या खोलीत जाता कामा नये. शेवटी झाकणं लावायची राहिली. भाऊजी आणि मी इकडच्या तोंडाशी, आता एकमेकांना सोडायचं नाही हे ठरलेलं. पलीकडचं झाकण कारखान्याचे फिटर लावणार होते आणि त्याआधी मॅडम स्वतः तिकडून शेवटची नजर टाकणार होत्या. "मी एकटीच बघते, घाई करू नका," असं सांगून त्या गेल्या.

बराच वेळ झाला. नळ्यांतून मॅडमचं कुजबुजणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मध्ये थांबायच्या, जसं कुणी बोलत असताना आपण थांबतो. मग त्यांचा आवाज स्वच्छ आला, "झालं. झाकण लावा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी वळसा घालून पलीकडे गेलो. खोलीत फिटर झाकणाचे नट आवळत होते. "मॅडम?" मी विचारलं. "आत्ताच गेल्या बहुतेक," त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्ही आलो तेव्हा इथे नव्हत्या. पण झाकण लावा म्हणाल्या ते ऐकलं आम्ही." मी फाटकावर विचारलं. वॉचमन म्हणाला, गेल्या असतील, माझं लक्ष नव्हतं. आम्ही इकडचं झाकण लावलं, गाडीत बसलो आणि घरी आलो.

एक्स्चेंजर उत्तम चालला असं नंतर कानावर आलं. मी त्या कारखान्याचं काम पुन्हा घेतलं नाही. पण मॅडमचा टॉर्च चुकून आमच्या पेटीत आला होता. चांगला, महागाचा टॉर्च. परत द्यायला हवा म्हणून काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, भाऊजी आणि मी फाटकावर गेलो. वॉचमन म्हणाला, त्या नोकरी सोडून गेल्या. ते काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच आल्या नाहीत. घर जवळच होतं, त्यानं खुणा सांगितल्या.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मॅडमची आई. स्वच्छ साडी, स्वच्छ घर, खिडकीत ऊन. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांना आनंद झाला. "या, या. तिच्याकडे कुणीच येत नाही हल्ली." त्यांनी चहा टाकला. आम्ही विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना?

"आहे की. आतल्या खोलीत असते." त्यांनी बंद दाराकडे मान वळवली. "बाहेर यायचा कंटाळा करते. पण हाक मारली की लगेच ओ देते." आणि त्यांनी हाक मारली, "अगं, कोण आलंय बघ तरी!"

"आले, आले," आतून मॅडमचा आवाज आला. "झालंच."

आम्ही चहा घेतला. दार उघडलं नाही. कपातला चहा संपला, साखर तळाला राहिली. मी हळूच विचारलं, "काकू... तुम्ही शेवटचं बघितलंत कधी तिला?"

काकू जरा गोंधळल्या. पदरानं उगाच हात पुसले. "बघितलं म्हणजे... दार उघडू नकोस म्हणते ना ती. आई, मी बरी आहे, तू बस निवांत, म्हणते. जेवलीस का विचारलं की झालं म्हणते." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "काम फार झालं होतं हो तिला तिथे."

भाऊजी उठले. मी त्यांचा हात धरायच्या आत ते दाराशी पोचले होते. कडीवर हात ठेवला. दाराच्या फटीतून कोमट हवा येत असावी, कारण त्यांच्या सदऱ्याचं टोक हललं. थांबून पुन्हा हललं.

"अहो," आतून आवाज आला. अगदी हळू, लाडिगोडीनं. "नका ना उघडू..."

तो मॅडमचा आवाज नव्हता. तो माझ्या ताईचा होता. ताई त्या कारखान्यात कधी पाऊल टाकून गेलेली नाही, त्या नळ्यांशी कधी एक शब्द बोललेली नाही. भाऊजींचा हात कडीवर तसाच राहिला. ते माझ्याकडे वळले.

मागे काकू कप गोळा करत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "दिली की नाही ओ?"